गोंगाट करणाऱ्या पोरांना एक खोली द्या

कोकणातल्या नगरपरिषदांनी तरुण बँडांना तालमीसाठी जागा द्यावी, असं मी गेली काही वर्षं संधी मिळेल तिथे बोलतो आहे. बँड म्हटलं की लोक माना डोलावतात. मग कोणीतरी विचारतं, कसला बँड? डेथ मेटल, म्हणजे घशातून गुरगुरत गायचा रॉकचा अतिशय कर्कश प्रकार, असं सांगितलं की माना थांबतात. म्हणून हा लेख मी मुद्दाम त्याच टोकाला धरून लिहितो आहे. भावगीतांच्या मंडळाला सभागृह द्यायला कोणाचीच हरकत नसते, तिथे वाद घालायची गरज पडत नाही. ज्या संगीताबद्दल 'याला गाणं म्हणायचं का' असंच आधी विचारलं जातं, त्याला लोकांच्या पैशातून उभी राहिलेली खोली मिळावी की नाही, हा खरा प्रश्न आहे. मिळावी, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या भागातल्या चार मुलांनी सार्वजनिक सभागृहासाठी अर्ज केला होता. कार्यक्रम करायचा नव्हता. आठवड्यातून एकदा, सभागृह रिकामं असेल त्या दुपारी, भाडं भरून तालीम करायची होती. अर्जात 'कार्यक्रमाचे स्वरूप' असा रकाना होता आणि मुलांनी तिथे खरं ते लिहिलं. लेखी नकार आला नाही, लेखी होकारही आला नाही. तोंडी कळलं ते इतकंच, की हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. मुलांनी मग एकाच्या काजूच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे खोपटात, सामान नेलं. पावसाळ्यात तिथे वीज राहीना आणि ड्रमच्या कातड्यांवर बुरशी धरली. चौघांतले दोघे पुढे नोकरीसाठी मुंबईला गेले.

मी भजनात पेटी वाजवतो. डबलबारी, म्हणजे भजनी बुवांचे सामने, ऐकत वाढलो, दशावतारी नाटकाला रात्र रात्र बसलो. डेथ मेटल हे माझं घरचं संगीत नाही. आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाला, "हेका गाणा म्हणतत? माका वाटला कोणाच्या तरी अंगात इला." त्याचं ऐकणं प्रामाणिक होतं आणि चूकही नव्हतं. पहिल्यांदा ऐकताना मलाही तसंच वाटलं. पण त्या मुलांमुळे मी या संगीताचा इतिहास शोधून शोधून ऐकला, आणि ज्या बँडचा इतिहास मला सर्वांत जास्त शिकवून गेला तो 'डेथ' याच नावाचा आहे. तो इथे जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मागणीचं कारण त्यातच आहे.

१९८३ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळ, अल्टामॉन्ट स्प्रिंग्ज या गावात तीन पोरांनी 'मँटास' नावाचा बँड काढला. एका गिटारवर चक शुल्डिनर, दुसऱ्या गिटारवर रिक रॉझ, ड्रमवर कॅम ली. चक तेव्हा १६ वर्षांचा होता. तो नऊ वर्षांचा असताना त्याचा मोठा भाऊ फ्रँक मोटार अपघातात गेला होता, सोळाव्या वर्षी. धाकट्याचं मन कुठेतरी लागावं म्हणून आईवडिलांनी त्याला गिटार आणून दिली. शिकवणी लावली, तिचा त्याला लवकरच कंटाळा आला. मग कोणाच्या तरी घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत एक इलेक्ट्रिक गिटार मिळाली आणि त्यानंतर पोराने दुसऱ्या कशात लक्ष घातलं नाही. शाळाही अर्धवट सोडली, ज्याची पुढे त्याला खंत वाटली.

१९८४ मध्ये मँटासचं नाव बदलून 'डेथ' झालं. त्या काळात त्यांच्याकडे ना कंपनी होती, ना श्रोते. गॅरेजमध्ये वाजवायचं, साध्या साधनांवर टेप करायचं, त्या कॅसेटच्या नकला काढून टपालाने पाठवायच्या. कॅलिफोर्नियातला एखादा मुलगा स्वीडनमधल्या मुलाला कॅसेट पाठवायचा, तो त्याची नक्कल ब्राझीलला धाडायचा. झेरॉक्स काढलेल्या हस्तलिखितासारख्या छोट्या मासिकांतून पत्ते मिळायचे. ज्या बँडचा अल्बम अजून निघालेला नव्हता, त्याचं नाव या वाटेने देशोदेशी गेलं. आपल्याकडे डबलबारीच्या कॅसेट अशाच मुंबईच्या खोल्यांतून गावी आणि गावाहून मुंबईला हातोहात फिरल्या, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यात परकं काही वाटणार नाही.

याच सुमारास, १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या 'पझेस्ड' या बँडचा 'सेव्हन चर्चेस' हा अल्बम आला. त्यातल्या शेवटच्या गाण्याचं नावच 'डेथ मेटल' होतं. ती पोरंही शाळेत जाणारीच होती. म्हणजे ज्या संगीतप्रकाराबद्दल आज पन्नाशीतले प्राध्यापक लिहितात, तो अक्षरशः शाळकरी वयाच्या मुलांनी घडवलेला आहे.

शुल्डिनर माणसं शोधत भटकला. कॅलिफोर्नियाला गेला, कॅनडात टोरोंटोला जाऊन दुसऱ्या एका बँडमध्ये थोडे दिवस राहिला, परत आला, पुन्हा कॅलिफोर्नियाला गेला. तिथे त्याला ख्रिस रायफर्ट हा ड्रम वाजवणारा पोरगा मिळाला. दोघांनी मिळून १९८७ साली 'स्क्रीम ब्लडी गोर' हा पहिला अल्बम केला. गाणं, गिटार आणि बास हे सगळं एकट्या शुल्डिनरचं, ड्रम रायफर्टचे. अल्बम निघाला तेव्हा शुल्डिनर २० वर्षांचा होता.

या पहिल्या अल्बमबद्दल माझं मत स्पष्ट सांगतो. त्यातले शब्द कच्चे आहेत. भयपट पाहून भारावलेल्या पोराने लिहिलेली ती गाणी आहेत: प्रेतं, आतडी, रक्त. त्याच्या मुखपृष्ठावरून आणि नावावरून आपल्याकडच्या एखाद्या समितीने निकाल द्यायचा ठरवला तर तो काय असेल हे सांगायला नको. त्या निकालाला आधारही सापडेल. पण नेमकं इथेच थांबू नये असं मला म्हणायचं आहे, कारण पुढच्या अकरा वर्षांत या माणसाने जे केलं ते त्या पहिल्या अल्बमवरून कोणालाही ओळखता आलं नसतं.

दुसऱ्या अल्बममध्येच, १९८८ च्या 'लेप्रसी'मध्ये, एक गाणं आहे 'पुल द प्लग'. यंत्रांच्या आधाराने जिवंत ठेवलेला रुग्ण बोलतो आहे आणि आता मला जाऊ द्या म्हणतो आहे. २१ वर्षांच्या मुलाने हे लिहिलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या अरुणा शानबाग यांच्या निमित्ताने हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो २०११ साली, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. आजोळच्या ओटीवर, सभेत, वर्तमानपत्रात आपण ज्या विषयावर बोलायला कचरत होतो, त्यावर फ्लोरिडातला एक पोरगा घसा फाडून बोलत होता. घसा फाडला म्हणून विषय हलका होत नाही.

१९९० च्या 'स्पिरिच्युअल हीलिंग'मध्ये भयपट बऱ्याच अंशी मागे पडले. टीव्हीवरून चमत्काराने रोग बरे करणारे धर्मप्रचारक, आईच्या व्यसनामुळे जन्मतःच नशेत सापडलेलं मूल, असे विषय आले. १९९१ च्या 'ह्यूमन'साठी त्याने पॉल मॅसव्हिडाल आणि शॉन रायनर्ट हे 'सिनिक' या बँडचे दोन तरुण वादक घेतले, बासवर स्टीव्ह डी जॉर्जिओ. माझ्या मते हा त्या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोठा टप्पा. रायनर्टचे ड्रम ऐकताना मला पहिल्यांदा जाणवलं, की आपण ज्याला नुसती आदळआपट समजत होतो तिच्यात लय किती बारकाईने कातलेली आहे. तिहाई येत नाही, पण तिहाईची जी मजा असते, आता सम कुठे पडणार याची ओढ, ती तिथे आहे. दोन गिटारी एकमेकींना उत्तर देतात, मध्येच सगळं थांबतं, आणि पुन्हा उचललं जातं तेव्हा मात्रा बदललेल्या असतात. पखवाज ऐकलेल्या माणसाने हे जरूर ऐकावं.

पुढे १९९३ मध्ये 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स', १९९५ मध्ये 'सिम्बॉलिक', १९९८ मध्ये 'द साउंड ऑफ पर्सिव्हरन्स'. विषय होते फसवणूक, ढोंग, हरवलेलं बालपण, माणसाचं एकटेपण. शेवटच्या अल्बममध्ये 'व्हॉइस ऑफ द सोल' ही शब्द नसलेली रचना आहे. साध्या अकूस्टिक गिटारवर इलेक्ट्रिक गिटारचे सूर चढत जातात. जो मुलगा शिकवणी सोडून पळाला होता त्यानेच ती केली. बँडच्या नावाची अक्षरंही याच वाटेने गेली. सुरुवातीच्या बोधचिन्हात कोळ्याचं जाळं होतं, ठिबकणारं रक्त होतं, 'टी' या अक्षराच्या जागी उलटा क्रूस होता. एकेका अल्बमबरोबर एकेक सजावट गळत गेली आणि क्रूसाच्या जागी साधं अक्षर आलं. धर्माची चेष्टा करणं हा आपल्या कामाचा भाग असू नये असं त्याला वाटू लागलं होतं. हे कोणा मंडळाने कात्री लावून करवून घेतलं नाही. माणूस मोठा होत गेला आणि त्याने ते स्वतः केलं.

तो संत नव्हता. जवळजवळ प्रत्येक अल्बमला वादक बदलले. १९९० मध्ये युरोपचा दौरा ठरलेला असताना ऐनवेळी तो गेला नाही आणि उरलेले साथीदार त्याच्याशिवाय गेले. परत आल्यावर फाटाफूट झाली. नमन (कोकणातलं लोकनाट्य) करणारी मंडळं कशी फुटतात हे ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना या भांडणांचं फारसं आश्चर्य वाटणार नाही. कलेत हट्टी माणसं असतात आणि त्यांच्याबरोबर राहणं सोपं नसतं.

१३ मे १९९९ रोजी, ३२ व्या वाढदिवशी, त्याला मेंदूच्या देठाशी गाठ असल्याचं निदान झालं. उपचारांचा खर्च घराला झेपणारा नव्हता. इतर बँडांनी मदतीचे कार्यक्रम केले, श्रोत्यांनी पैसे पाठवले. १३ डिसेंबर २००१ रोजी तो गेला. वय ३४. आयुष्यभर त्याच्या बँडचं नाव 'मृत्यू' होतं आणि शेवटची अडीच वर्षं तो जगण्यासाठी झगडला. या काळातही तो 'कंट्रोल डिनाइड' या दुसऱ्या बँडच्या गाण्यांवर काम करत होता.

आता हा इतिहास आपल्याकडे ठेवून पाहा. १९८४ साली अल्टामॉन्ट स्प्रिंग्जमध्ये मँटासच्या पोरांना कोणी सांगितलं असतं की बंद करा, तर काय बंद झालं असतं? दिसायला चार कच्च्या कॅसेट. खरं म्हणजे 'ह्यूमन' आणि 'सिम्बॉलिक'. कलेचा निकाल पहिल्या वर्षी देता येत नाही, आणि सार्वजनिक संस्थेने तर तो देऊच नये. तिने फक्त इतकं पाहावं की पोरं नियमित येतात का, सामान नीट ठेवतात का, शेजाऱ्यांना त्रास होतो का. शब्द कायद्याच्या बाहेर जात असतील तर त्यासाठी कायदा आहे. अभिरुची बरी की वाईट हे ठरवणं अर्जाच्या रकान्याचं काम नाही.

फ्लोरिडातल्या मुलांना गॅरेज होतं. घराला लागून, पण घराबाहेर, दार ओढून घेता येईल अशी जागा. शिवाय टँपा शहरात मॉरिसाउंड हा स्टुडिओ होता, जिथे नव्वदच्या आसपास डेथ, मॉर्बिड एंजल, ऑबिच्युअरी, डेइसाइड अशा बँडांचे अल्बम झाले. आमच्याकडे घराला पडवी असते, खळं असतं. दोन्ही उघडी. आमच्या जुन्या कलांना मात्र छप्पर होतं, हे विसरू नका. नमनाची तालीम कोणाच्या तरी ओटीवर किंवा देवळाच्या सभामंडपात होते. शिमग्याला मांड असतो, पालखीला सहाण असते. दशावतार जत्रेत देवळापुढे उभा राहतो. गावाने या कलांना जागा दिली म्हणून त्या टिकल्या, नुसत्या कलाकारांच्या हौसेवर टिकल्या नाहीत. डेथ मेटल देवळात वाजवावं असं मी म्हणणार नाही, आणि ती मुलंही म्हणत नाहीत. मग देवळाबाहेर गावाची अशी कोणती जागा उरते? नगरपरिषदेची, ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची. दुसरी कुठली नाही.

हे परदेशात कुठे झालं आहे का, असं विचारलं जातं. झालं आहे, आणि नेमकं याच संगीताच्या बाबतीत. स्वीडन हा लहानसा देश, लोकसंख्या सुमारे एक कोटी, म्हणजे महाराष्ट्राच्या दहावा हिस्साही नाही. तिथे नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत आणि 'अभ्यास मंडळ' नावाची शंभर वर्षांहून जुनी पद्धत आहे. काही जणांनी एकत्र येऊन काही शिकायचं ठरवलं की सरकारी अनुदान घेणाऱ्या लोकशिक्षण संस्था त्यांना जागा आणि थोडी मदत देतात. विणकाम, परकी भाषा, तसंच रॉक बँडची तालीम. यातली सर्वांत मोठी संस्था कामगार चळवळीतून १९१२ साली उभी राहिली. मेटल वाजवणाऱ्या पोरांना या खोल्या मिळाल्या, तरुणांच्या नगरपालिका केंद्रांत वाजवायला मिळालं. १९९० मध्ये स्टॉकहोमच्या 'एन्टूम्ड' या बँडचा 'लेफ्ट हँड पाथ' आला. वाजवणारी मुलं विशीच्या आतबाहेरची, आणि गिटारचा आवाज असा करवतीसारखा की तो आजही 'स्वीडिश' म्हणून ओळखला जातो. पाठोपाठ डिसमेंबर, ग्रेव्ह, गोथेनबर्गचा अॅट द गेट्स. एवढ्याशा देशातून एवढे बँड का निघाले याला थंडी, अंधार, जुन्या लढवय्यांचं रक्त अशी रम्य कारणं दिली जातात. मला ती पटत नाहीत. अंधार आणि पाऊस आमच्याकडेही भरपूर आहे. त्यांच्याकडे खोल्या होत्या.

संस्कृतीचा मुद्दा टाळून चालणार नाही, कारण नकार त्याच नावाने येतो. मी वाजवतो ती पेटी युरोपातून आली. भारतीय संगीताला ती शोभत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत राहिली. त्या एकतीस वर्षांत कोकणातल्या एकाही भजनी बुवाने पेटी खाली ठेवली नाही, आणि आज पायपेटीशिवाय दशावताराची कल्पना करता येत नाही. गणपतीच्या मिरवणुकीतला आमचा लाडका बेंजो जपानी वाद्यावरून आला. ते मूळ वाद्य १९१२ मध्ये नागोया शहरात तयार झालं. बेंजो पार्टीला कोणी परकं म्हणत नाही. परकेपणा वाद्यात नसतोच, ते वाद्य आपल्या हातांत किती वर्षं राहिलं यावर तो अवलंबून असतो. पण ती वर्षं मिळायला हवीत.

आणि राक्षस? गर्जना? काळा मुखवटा? ज्या भूमीत दशावतारातला, वेद चोरणारा संकासुर रंगमंचावर येताच पोरं आईच्या पदराआड जातात आणि तरी पदराआडून पाहत राहतात, तिथे भीषण रूपाला बंदी कशी घालणार? एक फरक मान्य करतो. आमचा संकासुर मरतो. विष्णू त्याला मारतो, वेद परत येतात, मग आख्यान सुरू होतं. डेथ मेटलमध्ये असा देव शेवटी येत नाही. ऐकणाऱ्याला त्या अंधारातच सोडून गाणं संपतं. हा फरक लहान नाही, आणि ज्यांना हे संगीत नको वाटतं त्यांच्या अस्वस्थतेचं मूळ मला त्यात दिसतं. पण प्रौढ कलेत दोन्हींना जागा असते. आमच्याच शोकांतिकांत कुठे दर वेळी देव धावून येतो?

मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन' या बँडने २०१७ साली 'दशावतार' नावाचाच अल्बम काढला. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह ते कल्की, दहा अवतारांवर दहा गाणी. परशुरामावरही एक आहे, आणि कोकण ही परशुरामाची भूमी. हे सांगून मी मुलांना पुराणकथांचा परवाना घ्यायला लावत नाही. त्यांनी समुद्रावर लिहावं, खाणींवर लिहावं, बंद घरांवर लिहावं, किंवा प्रेतांवरही लिहावं. पण ज्या मुलाने सिंधुदुर्गात रात्रभर बसून झांज, मृदंग आणि राजाच्या आवेशाची भाषणं ऐकली आहेत, त्याच्या कानात असं काही आहे जे मुंबईच्या कोणत्याही बँडकडे नाही. तो हे संगीत वाजवायला लागला तर त्यातून काय निघेल, याची मला खरोखर उत्सुकता आहे. सध्या तो मांगरात बुरशी पुसतो आहे.

मुंबईवर विसंबून चालणार नाही हेही आता स्पष्ट झालं आहे. धोबी तलावचं रंगभवन एके काळी रॉक आणि जॅझच्या श्रोत्यांचं हक्काचं ठिकाण होतं. शेजारी महाविद्यालय आणि रुग्णालय असल्याने ते शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथले कार्यक्रम थांबले. आमच्या नमन आणि शक्ती-तुऱ्याच्या मंडळांना परळच्या दामोदर नाट्यगृहाचा आधार होता. तेही पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा चाकरमानी कलावंतांनी आवाज उठवला. दोन्हीकडचे लोक एकमेकांना ओळखत नाहीत, पण दुखणं एकच आहे. जागा गेली की कला जाते.

राहिला आवाजाचा प्रश्न. तो खरा आहे आणि मी तो झटकणार नाही. ड्रमचा संच बंद खोलीत शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. हे नियम या मुलांना लागू व्हावेत, पूर्णपणे. पण हळदीच्या रात्री ट्रॉलीवर चढवलेल्या डीजेने घराच्या काचा थरथरतात तेव्हाही ते लागू व्हावेत. आमच्या गावांत आज आवाजाचा सर्वांत मोठा त्रास कोणापासून आहे हे सर्वांना ठाऊक आहे. तो डीजे कोणी संस्कृतीच्या रकान्यात तपासत नाही. शिवाय तालमीची खोली म्हणजे आवाज वाढवण्याची सोय नव्हे, तो भिंतींच्या आत ठेवण्याची सोय आहे. शेजाऱ्यांच्या बाजूने विचार करणाऱ्यानेच तिची मागणी करायला हवी.

जागा आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात पटाअभावी बंद पडलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. त्या शाळा पुन्हा मुलांनी भराव्यात हीच माझी पहिली इच्छा. पण जिथे गावात मूलच उरलेलं नाही तिथे कुलूप गंजत ठेवण्यात काय अर्थ आहे? या इमारती बहुतेक वाडीपासून थोड्या बाजूला, जांभ्या दगडाच्या. चिऱ्याची जाड भिंत आवाज चांगला अडवते. आवाज निसटतो तो कौलांतून आणि खिडक्यांतून. म्हणून खर्च करायचा तो वर: कौलांखाली जड छत, दोन थरांचं, मध्ये खनिज लोकर. खिडक्या भरून घ्यायच्या, दाराला जड फळी आणि कडेने रबर. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून काही होत नाही. घुमणं थोडं कमी होतं, आवाज बाहेर जायचा तो जातोच. वीजजोडणीला नीट अर्थिंग हवं, नाहीतर गिटार हातात घेऊन माईकला ओठ लावणाऱ्या मुलाच्या जिवाला धोका आहे. पावसाळ्यासाठी दमट हवा ओढून घेणारं एक यंत्र हवं. पावसात पखवाज उतरतो, तारा गंजतात, स्पीकरचा कागद मऊ पडतो. त्या यंत्राचा उपयोग भजनी मंडळालाही तितकाच होईल.

कारण ही खोली फक्त मेटलवाल्यांची नसावी. सोमवारी भजन, बुधवारी नमन मंडळ, शुक्रवारी बँड. वाद्यं ज्याची त्याने आणावीत; ड्रमचा संच आणि दोन अँप्लिफायर तेवढे खोलीचे असावेत, कारण ते दुचाकीवरून नेता येत नाहीत. भाडं इतकं असावं की कॉलेजातल्या मुलांना परवडेल, पण फुकट नसावं. किल्ली नगरसेवकाकडे किंवा सरपंचाकडे नको; वापरणाऱ्या मंडळांतून दर वर्षी एक जण निवडावा, त्याच्याकडे असावी. वेळ सकाळी ९ ते रात्री ९. अर्जात नाव, पत्ता, दिवस आणि वेळ एवढेच रकाने ठेवावेत. वर्षअखेरीला नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या सभेपुढे हिशेब जावा: किती मंडळांनी खोली वापरली, किती तक्रारी आल्या, किती भाडं जमलं. आणि पहिल्या दोन वर्षांत या मुलांकडून उद्घाटनाला, महोत्सवाला किंवा कोणा पाहुण्याच्या स्वागताला कार्यक्रम मागू नये. त्यांना वाजवू द्यावं.